दहावीचा निरोप आणि आपल्या शाळा

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या मुलीच्या शाळेत दहावीचा निरोप समारंभ झाला. नाशिकरोड भागातली ही एक छोटी कॅथलिक शाळा. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, कारभार सिस्टरांच्या हाती. वर्गात ख्रिस्ती मुले थोडीच, बाकीची हिंदू, मुस्लिम, बौद्ध घरांतली. मी स्वतः जुन्या नाशकात उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. बी.एड. होऊन वीस वर्षे होत आली. त्यामुळे पालक म्हणून मागच्या रांगेत बसले तरी माझ्यातली शिक्षिका काही स्वस्थ बसत नाही.

कार्यक्रम साधाच होता. सगळी तयारी नववीच्या मुलांची. सूत्रसंचालन त्यांचेच, समोसे आणि वेफर्सच्या बशा भरणारेही तेच. दहावीच्या प्रत्येक मुलाबद्दल त्यांनी दोन-दोन ओळी लिहून आणल्या होत्या. वर्गात नेहमी मागे बसणाऱ्या मुलाबद्दलही होत्या. शेवटी हॉलमधले दिवे घालवले. मुख्याध्यापिका सिस्टरांनी एका मोठ्या मेणबत्तीवरून हेड गर्लची मेणबत्ती पेटवली, तिने शेजारणीची, आणि अशी ती ज्योत दहावीकडून नववीकडे गेली. परीक्षेआधीच्या शेवटच्या दिवशी मुलांनी एकमेकांच्या शर्टांवर मार्करने सह्या केल्या. तो शर्ट धुवायचा नाही, अशी मला घरात सक्त ताकीद आहे.

या मेणबत्तीवरून दोन दिवस आधी आमच्या घरात चर्चा झाली होती. नात्यातल्या एका बुजुर्गांनी विचारले, "बेटी, त्यांच्या रिवाजात आपली पोर कशाला?" मी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. शाळेत जाऊन सिस्टरांशी बोलले. त्या म्हणाल्या, "प्रार्थनेच्या वेळी ती नुसती शांत उभी राहू दे. मेणबत्ती नको असेल तर तिने फूल द्यावे, आम्हाला चालेल." राज्यघटनेच्या कलम 28(3) नुसार मान्यताप्राप्त शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. पण सिस्टरांनी कायद्याचे नाव काढले नाही आणि मलाही काढावे लागले नाही. मुलीने स्वतःच ठरवले. प्रार्थनेला ती गप्प उभी राहिली आणि मेणबत्ती मात्र दिली. "अम्मी, मी ती नववीच्या मुलीला देतेय," एवढेच म्हणाली. बुजुर्गांनाही ते पटले.

नाशिकला अशा शाळा नव्या नाहीत. सेंट झेवियर्स, सेक्रेड हार्ट ही नावे इथे घराघरांत माहीत आहेत. आपल्यातले कितीतरी पालक मुलांना कॉन्व्हेंटमध्ये घालायला धडपडतात, ते इंग्रजीसाठी आणि शिस्तीसाठी. या दोन गोष्टी आपल्या शाळांनीही उचलल्या. टाय आला, बूट आले, फलकावर 'इंग्लिश' शब्द आला. पण त्या शाळांमधली जी गोष्ट घ्यायला हवी होती, तीच राहून गेली असे मला वाटते.

निरोप समारंभ हा एका दिवसाचा कार्यक्रम नसतो. त्याची सुरुवात जूनमध्ये होते. दहावीच्या मुलांचा शपथविधी होतो, बिल्ले लागतात, लाल-निळ्या-हिरव्या-पिवळ्या हाऊसचे कॅप्टन ठरतात. उशिरा येणाऱ्यांची वही त्यांच्याकडे, भांडणे सोडवणे त्यांच्याकडे. 5 सप्टेंबरला शाळा तेच चालवतात. माझ्या मुलीने त्या दिवशी सहावीला मराठी शिकवले आणि बसलेल्या आवाजाने घरी येऊन मला विचारले, "तू रोज हे कसं करतेस?" डिसेंबरात नाताळची गव्हाण बांधायला सगळ्या धर्मांची मुले असतात. वर्षभर जबाबदारी सांभाळलेली असते, म्हणून ती दुसऱ्याकडे सोपवण्यालाही काही अर्थ येतो.

सगळेच छान आहे असे नाही. काही ठिकाणी निरोप म्हणजे हॉटेल, डीजे आणि महागड्या साड्या झाला आहे आणि गरीब घरची मुले आजारी असल्याचे सांगून घरी राहतात. कुठे मराठी किंवा उर्दू बोलल्याबद्दल दंडही होतो. हे घेऊ नये.

आता आमच्याकडचे सांगते. आमच्या शाळेतही अलविदाई जलसा होतो. तिलावत, नात, मग पाहुणे. मागच्या वर्षी तीन पाहुण्यांची भाषणे झाली. एक मुलगी कागद घेऊन माझ्याजवळ आली, "मॅडम, मी बोलू का?" मी घड्याळ दाखवले. वेळ संपली होती. त्या मुलीचे शिक्षण दहावीनंतर थांबले. घरून पुढे पाठवले नाही. कॉन्व्हेंटमधल्या मुलीला पुढे कॉलेज आहे, तिथे आणखी निरोप समारंभ आहेत. आमच्या वर्गातल्या अनेक मुलींसाठी दहावीचा जलसा हाच आयुष्यातला शेवटचा असतो. त्या दिवशी तिला माईक मिळायला हवा होता. तो मी दिला नाही.

आपल्याकडे परंपरा नाहीत, हे खरे नाही. सर सय्यद 1869 मध्ये इंग्लंडला गेले, केंब्रिज पाहून आले आणि 1875 मध्ये अलीगढला शाळा सुरू केली. तिथे वादसभा झाल्या, वसतिगृहांचे रिवाज झाले. दुसऱ्यांचे पाहून आपले घडवले. आजही 17 ऑक्टोबरला जगभरचे अलीगढी एकत्र जेवतात. आपल्या शाळांत बैतबाजी आहेच. कलम 30 ने शाळा चालवण्याचा जो हक्क कॅथलिकांना दिला, तोच आपल्यालाही दिला. तो हक्क म्हणजे नुसते अनुदान आणि नेमणुका नव्हेत.

यातल्या कशालाच फार पैसे लागत नाहीत. ग्रंथालयाची चावी दहावीकडे द्यावी. परिपाठ आणि बैतबाजी त्यांनी चालवावी. निम्म्या जबाबदाऱ्या मुलींकडे असाव्यात. जाताना प्रत्येकाने नववीच्या एकाला एक पुस्तक द्यावे, जुने असले तरी चालेल. मेणबत्तीच हवी असे काही नाही.

आमचा जलसा पुढच्या आठवड्यात आहे. मी मुख्याध्यापकांना सांगितले, यंदा पाहुणे नकोत, मुले बोलतील, उर्दूत किंवा मराठीत, प्रत्येकी दोन मिनिटे. सर म्हणाले, "मॅडम, ऐंशी मुले आहेत. दोन तास चाळीस मिनिटे होतील." मी म्हटले, "होऊ द्या सर. पाहुण्यांना आपण दरवर्षी तेवढा वेळ देतोच." त्यांनी अजून हो म्हटलेले नाही. पण मागच्या वर्षीच्या त्या मुलीच्या घरी मी निरोप धाडला आहे. तिने तो कागद जपून ठेवला असेल, तर घेऊन यावे.