ऑक्टेनचा आकडा आणि अॅव्हरेजचा हिशेब

‘साधे की प्रीमियम?’ हा पेट्रोल पंपावरचा प्रश्न शहरी वाहनचालकांच्या अंगवळणी पडला आहे. एक्सपी ९५, स्पीड ९७, एक्सपी १०० अशी नावे फलकांवर झळकतात आणि आकडा जितका मोठा तितके पेट्रोल ताकदवान, अशी ग्राहकांची समजूत होते. अॅव्हरेज वाढेल या आशेने लिटरमागे जादा पैसे मोजले जातात. वास्तविक ऑक्टेन अंक पेट्रोलमधील ऊर्जा सांगतच नाही. २०२५ मध्ये देशभर पोहोचलेल्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलने हे पुरते स्पष्ट केले आहे.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवेचे मिश्रण दाबले जाते आणि ठरलेल्या क्षणी स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते. ज्योत पोहोचण्याआधीच त्यातील काही भाग दाबाने व उष्णतेने आपोआप पेटला, तर धातूवर हातोडी आपटल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. ते सतत होत राहिल्यास पिस्टनला इजा होते. असे अवेळी पेटणे टाळण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक. या मोजपट्टीवर आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि हेप्टेनला शून्य अंक दिलेला आहे. ९१ अंकाचे पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९१ टक्के आयसो-ऑक्टेन व ९ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागते, एवढाच त्याचा अर्थ. देशोदेशीचे आकडे ताडून पाहतानाही सावध राहावे लागते. अमेरिकेतील पंपावरचा ८७ हा अंक दोन चाचण्यांची सरासरी असतो आणि तो आपल्याकडील ९१ च्या जवळपास जातो.

मग महाग पेट्रोल कोणासाठी? ज्या इंजिनात मिश्रण अधिक दाबले जाते किंवा ज्यांना टर्बो बसवलेला असतो, अशा गाड्यांना वरच्या अंकाची गरज भासते. अशा इंजिनात कमी अंकाचे पेट्रोल घातल्यास नॉकिंग टाळण्यासाठी संगणक ठिणगीची वेळ मागे नेतो आणि पिकअप घटतो. मात्र ९१ अंकासाठी बनवलेल्या रोजच्या वापराच्या मोटारसायकलला १०० अंकाचे पेट्रोल पाजून शक्ती वा अॅव्हरेज वाढण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. गाडीला कोणता अंक हवा, हे तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारे १०८ आहे. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाने पेट्रोलचा अंक ९१ वरून ९५ पर्यंत गेल्याचे पेट्रोलियम मंत्रालय सांगते. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणजे अंक वाढला, पण लिटरमागची ऊर्जा घटली. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा मिश्रणामुळे जुन्या धाटणीच्या चारचाकींचे अॅव्हरेज सहा ते सात टक्के, तर दुचाकींचे तीन ते चार टक्के घटण्याचा अंदाज होता. वाढीव ऑक्टेनचा लाभ त्यासाठी जुळवलेल्या नव्या इंजिनांना मिळू शकतो. जुन्या गाडीच्या मालकाच्या वाट्याला प्रामुख्याने घट येते. घटलेल्या ऊर्जेची भरपाई म्हणून मिश्रित इंधन स्वस्त असावे, अशी सूचनाही त्याच अहवालात होती. २०२५ मध्ये मात्र इथेनॉलच महाग झाल्याचे कारण सरकारने पुढे केले. परकीय चलनाची बचत आणि ऊस उत्पादकांचे उत्पन्न ही धोरणाची उद्दिष्टे योग्यच आहेत. प्रश्न आहे तो त्यांचा भार कोणी उचलायचा, हा.

इंधनात मिसळायच्या बाटल्यांचे दावे याच संभ्रमावर पोसले जातात. त्यांतील इंजेक्टर व व्हॉल्व्हवरील काजळी धुणारी द्रव्ये उपयुक्त आहेत. पण ती घटलेली कार्यक्षमता फार तर मूळपदावर आणतात. स्वच्छ इंजिनात त्यांना फारसे काम उरत नाही. ‘ऑक्टेन बूस्टर’च्या वेष्टनावर ‘दहा पॉइंट वाढ’ असे लिहिलेले असते, तेव्हा एक पॉइंट म्हणजे बहुधा अंकाचा दहावा भाग असतो. म्हणजे ९१ चे १०१ होत नाहीत, ९२ होतात. अॅव्हरेज वाढवणाऱ्या गोळ्या आणि यंत्रांची गोष्ट तर आणखी निराळी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उत्पादने तपासली, पण अॅव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही आढळले नाही.

ज्या द्रव्याने ऑक्टेन खरोखर आणि स्वस्तात वाढला, त्याचा इतिहासही विसरता येत नाही. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शिशाच्या संयुगाचा हा गुण शोधला. त्या शिशाने पुढे जगभरच्या शहरांची हवा विषारी केली. भारतात ते २००० मध्ये हद्दपार झाले. मोटारींसाठी त्याचा वापर करणारा शेवटचा देश अल्जीरिया २०२१ मध्ये थांबला.

प्रीमियम पेट्रोलचा अंक त्याच्या नावातच मिरवला जातो. साध्या पेट्रोलचा अंक आणि त्यातील इथेनॉलचे प्रमाणही प्रत्येक पंपावर तितक्याच ठळकपणे लिहिले गेले पाहिजे. ग्राहकाला ताकदीचे आश्वासन नको, आपण नेमके काय विकत घेत आहोत याची माहिती हवी.