शाळेबाहेरच्यांनी विधान भवन पाहू नये काय?

होमस्कूलिंग करणाऱ्या काही कुटुंबांनी एक दिवस ठरवून दक्षिण मुंबई पालथी घातली. हुतात्मा चौक, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले पुराभिलेखागार, रीगलजवळचा जुना कौन्सिल हॉल, मग मंत्रालय आणि शेवटी विधान भवन. आपले राज्य कसे झाले आणि ते कोण चालवते, हे मुलांना पायी हिंडवून दाखवावे, एवढाच बेत. एवढ्यानेही एका शिक्षणतज्ज्ञांचे पित्त खवळले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. ही सहल आहे, शिक्षण नव्हे. नागरिकशास्त्र हा क्रमाने, पाठ्यपुस्तकातून, प्रशिक्षित शिक्षकाने शिकवायचा विषय आहे. ज्यांनी शाळेकडे पाठ फिरवली, त्यांनी सरकारच्या दारात पोरे घेऊन जावे हा दुटप्पीपणा आहे. हे सगळे खात्यापित्या घरांचे चोचले आहेत. आणि आईबापांनी शिकवलेला इतिहास म्हणजे घरगुती गप्पा. शेवटी त्यांनी फुले-शाहूंची साक्ष काढली. ती काढल्याशिवाय महाराष्ट्रात कुठलाही लेख पुरा होत नाही, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. चोचले म्हणाल, तर फोर्टातून नरिमन पॉइंटपर्यंत चालायला तिकीट लागत नाही. दुटप्पीपणा म्हणाल, तर सरकार म्हणजे काही शाळा नव्हे. शाळा न निवडणारा माणूसही कर भरतो आणि मत देतो. कायद्याचा धाक घालायचा असेल, तर शिक्षण हक्क कायद्याचे दहावे कलम नीट वाचावे. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य, असे ते सांगते. न घालणाऱ्याला शिक्षा मात्र सांगत नाही. राहिले फुले आणि शाहू. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात ते आणले, ते ज्यांना शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्यासाठी. कमी पटाच्या म्हणून गावोगावच्या शाळा बंद करण्याच्या गोष्टी निघतात, तेव्हा ही साक्ष काढावी. चार कुटुंबे विधान भवन पाहायला गेली, म्हणून काढू नये.

आता त्यांचा लाडका मुद्दा, आणि खरे सांगायचे तर माझाही: नागरिकशास्त्र क्रमाने शिकवायचा विषय आहे.

कोणता क्रम? आठवीच्या पुस्तकात राज्यशासनाचा एक धडा येतो. विधानसभेत २८८, विधान परिषदेत ७८. विधानसभेला पंचवीस वर्षे पुरी हवीत, परिषदेला तीस. मंत्री पंधरा टक्क्यांपर्यंत. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कारणे द्या. पुढे दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांची लेखी पत्रिका. त्यातही राज्यशास्त्राची वाटणी धाकट्या भावाची. परीक्षा संपली की विषय संपला. हा तो पवित्र क्रम.

त्याचे फळ पाहायला लांब जावे लागत नाही. या क्रमातून तावून सुलाखून निघालेला सुशिक्षित माणूस गटार तुंबले की आमदाराला फोन लावतो, दाखला अडला की खासदाराचे पत्र मागतो आणि रस्त्यातल्या खड्ड्यासाठी पंतप्रधानांना शिव्या घालतो. पोलीस राज्याच्या अखत्यारीत की केंद्राच्या, हे त्याला विचारा. आपल्या विभागाचा पदवीधर आमदार कोण, हे विचारा. पदवी भिंतीवर टांगलेली असते आणि पदवीधर मतदार नोंदणीचा अर्ज जन्मात भरलेला नसतो. हे लोक होमस्कूलिंगमधून आलेले नाहीत. ते तुमच्याच वर्गात बसले होते, तुमच्याच प्रशिक्षित शिक्षकांसमोर.

क्रमवाद्यांची खरी अडचण निराळी आहे. पुस्तकात न बसणारे सरकार त्यांना नको असते. मंत्रालयात शिरलेल्या मुलाला पहिल्यांदा काय दिसते? मधल्या मोकळ्या जागेवर बांधलेली जाळी. ती २०१८ मध्ये बांधली, कारण दाद मिळत नाही म्हणून माणसे तिथे जीव द्यायला येऊ लागली होती. पुढे आंदोलक त्याच जाळीवर उड्या मारू लागले. २०२४ मध्ये तर विधानसभेच्या तत्कालीन उपाध्यक्षांनीच त्या जाळीवर उडी घेतली. सभागृह चालवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती, त्यांना आपले म्हणणे ऐकवायला जाळीत उतरावे लागते. आता ही गोष्ट अधिकारांच्या कोणत्या तक्त्यात बसवायची? मुलगी विचारते, ‘जाळी कशाला?’ क्रमाने शिकवणारा म्हणेल, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. तिच्या बापाला मात्र तिथेच उभे राहून काहीतरी खरे उत्तर द्यावे लागते.

हुतात्मा चौकातही तेच. संयुक्त महाराष्ट्रासाठी किती जणांनी प्राण दिले? कुणी १०५ सांगतो, कुणी १०६, कुणी १०७. उत्तरपत्रिकेत एकच आकडा बरोबर ठरतो. शेतकरी आणि कामगार खांद्याला खांदा लावून उभे असलेल्या त्या स्मारकासमोर मूल विचारते, की एवढ्या ताज्या इतिहासात आकडा तीन प्रकारचा कसा? हा प्रश्न म्हणजेच इतिहासाचा अभ्यास. आणि राज्याचे पुराभिलेखागार तिथून हाकेच्या अंतरावर आहे. इतिहास कशातून लिहितात, हे दाखवायला आणखी काय हवे? घरगुती गप्पा म्हणून ज्यांनी नाक मुरडले, त्यांनी आपल्या वर्गात कागदपत्रांचा असा प्रश्न शेवटचा कधी निघाला, ते आठवावे.

राहिले विधान भवन. याच गृहस्थांच्या गोटातून अधूनमधून दुसरी एक हाकाटी येत असते: विधान परिषद बरखास्त करा, तो पांढरा हत्ती आहे, पराभूतांची सोय आहे. या वादात मी पूर्वीही पडलो आहे आणि पुन्हा पडायला तयार आहे. परिषदेत पराभूतांची सोय होते, हे कोण नाकारतो? पण याच परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली, १९७२ च्या दुष्काळात तिच्यावर लाखो हात जगले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम मिळण्याचा हक्क आधी या राज्याने कायद्यात लिहिला. देशाचा कायदा २००५ मध्ये आला. जोड्या लावा या प्रश्नात पागे येत नाहीत, म्हणून बरखास्तीवाल्यांना ते आठवत नाहीत.

आणि त्या योजनेचा माग आजही बहुतेक नोकरदारांच्या घरात सापडतो. पगाराच्या स्लिपवर ‘पी.टी.’ म्हणून महिन्याला २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने बसवला तोच मुळी रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईशी शहरातल्या पगाराचे नाते त्या एका ओळीत आहे. आठवीतल्या मुलाला ही स्लिप दाखवायला प्रशिक्षित शिक्षक लागत नाही; स्वतःची स्लिप वाचणारा बाप लागतो. असे बाप कमी आहेत, म्हणून तर असा दिवस कुटुंबाने मिळून काढायचा. शाळेच्या सहलीत मूल एकटे शिकून येते. इथे आईबापांचेही अज्ञान चव्हाट्यावर येते आणि ते भरून काढायची लाज उरत नाही.

तेव्हा मांडायचे ते एवढेच. वर्षातला एक दिवस राज्यासाठी काढावा. आदल्या आठवड्यात घरातले कागद समोर घ्यावेत: पगाराची स्लिप, विद्युत शुल्क लावलेले विजेचे बिल, गावी जमीन असेल तर सातबारा. त्यात राज्य सरकार कुठे आहे, ते मुलांनी शोधावे. मग जागा पाहाव्यात, आणि परतल्यावर आपल्या आमदाराला मुलांच्या हातचे एक पत्र जावे, प्रश्न विचारणारे. पुढच्या वर्षी नागपूरला जावे, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत, म्हणजे १९५३ चा नागपूर करार आणि विदर्भाचे गाऱ्हाणे एकाच ठिकाणी समजेल. मराठवाड्यातल्यांनी १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तिदिनाचा माग काढावा. तिथे आजोबा-पणजोबांच्या आठवणी अजून घराघरांत आहेत.

याने शाळेची जागा घेतली जाणार नाही आणि घ्यावी असे कुणी म्हटलेलेही नाही. शाळांनीही हेच करावे. एस.टी. शालेय सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते. ती दरवर्षी वॉटरपार्ककडेच वळवली पाहिजे, असा काही शासननिर्णय नाही. शिक्षणतज्ज्ञांना माझी विनंती आहे, की पुढचा लेख लिहिण्याआधी त्यांनी आपल्या विभागाच्या पदवीधर आमदाराचे नाव, कुणालाही न विचारता, कागदावर लिहून पाहावे.