दोन गीते आणि एक ध्वज

'वंदे मातरम्' या गीताला ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दीडशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने संसदेत चर्चा झाली, शाळाशाळांतून गायनाचे कार्यक्रम झाले, आणि रिवाजाप्रमाणे वादही झाले. वादाचा धुरळा पुष्कळसा खाली बसल्यावर देवळा (जि. नाशिक) तालुक्यातील एका शिक्षकांचे पत्र आमच्या हाती आले. मुले शाळेत रोज गीत म्हणतात, झेंड्याला वंदन करतात, पण प्रश्न विचारू लागली की आमची पंचाईत होते, असे ते लिहितात. देश एक, ध्वज एक, मग गीते दोन का? 'जनगणमन' इंग्रज बादशहासाठी लिहिले, हे खरे का? आणि ध्वजातला केशरी रंग आपला म्हणायचा की सर्वांचा? पत्राच्या शेवटी त्यांनी एक व्यवहारातला प्रश्नही जोडला आहे. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी देवळ्याच्या पाचकंदील परिसरात जे झेंडे धुळीत पडलेले दिसतात, त्यांचे काय करायचे? प्रश्न साधे दिसतात. परंतु त्यांची उत्तरे आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांना नीट देता येतील, याविषयी आम्ही साशंक आहोत.

प्रारंभ दुसऱ्या प्रश्नापासून करू, कारण त्याबाबत सर्वांत जास्त खोटे बोलले जाते आणि ते बोलणारे पुष्कळदा आपलेच लोक असतात. 'जनगणमन' प्रथम गायिले गेले ते २७ डिसेंबर १९११ रोजी, काँग्रेसच्या कोलकाता अधिवेशनात. त्याच सुमारास पंचम जॉर्ज भारतात आला होता आणि अधिवेशनात त्याच्या स्वागताचा ठरावही झाला. काही इंग्रजी वृत्तपत्रांनी दोन गोष्टींची गल्लत केली आणि ती गल्लत शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली. स्वतः रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये एका पत्रात या आरोपाचा स्पष्ट इन्कार केला. ज्याला त्यांनी भारताचा भाग्यविधाता म्हटले तो युगायुगांचा सारथी कोणी जॉर्ज असू शकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जालियनवाला बागेनंतर 'सर' ही पदवी परत करणाऱ्या कवीवर भाटगिरीचा आरोप करण्याआधी माणसाने दहा वेळा विचार करावा. सुभाषचंद्रांनी १९४२ मध्ये हॅम्बुर्ग येथे जे गीत भारताचे म्हणून वाजवून घेतले, तेही 'जनगणमन'च होते. भ्रमणध्वनीवर आलेला संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

या गीतात सिंधचा उल्लेख आहे. फाळणीने सिंध गेला, म्हणून तो शब्द काढावा, अशी मागणी घेऊन कोणी सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २००५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. आम्हांला तो निकाल केवळ कायद्याच्या दृष्टीने नव्हे, तर भावनेच्या दृष्टीनेही योग्य वाटतो. राष्ट्रगीत म्हणजे महसूल खात्याचा नकाशा नव्हे.

आता पहिला प्रश्न. त्याचे उत्तर देताना नाशिक जिल्ह्यातील शिक्षकाला दूर जावे लागत नाही, आणि हेच त्यांना आवर्जून सांगावेसे वाटते. बंकिमचंद्रांनी रचलेले हे गीत 'आनंदमठ' या कादंबरीत आले. ती १८८२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १८९६ च्या कोलकाता काँग्रेसमध्ये ते रवींद्रनाथांनीच गायिले. १९०५ मध्ये वंगभंग झाला आणि गीताचे रणघोषात रूपांतर झाले. तो घोष महाराष्ट्रात उमटला तो नाशकातही. १९०६ च्या दसऱ्याला सीमोल्लंघन करून परतणाऱ्या नाशिकच्या तरुणांनी 'वंदे मातरम्'चा घोष केला, पोलिसांशी त्यांची झटापट झाली आणि बाबाराव सावरकरांसह अनेकांवर खटला भरण्यात आला. दोन शब्द उच्चारल्याचा खटला! आजच्या मुलांना हे सांगितले, तर ती प्रथम हसतील आणि मग गप्प होतील. पुढे १९०९ मध्ये बाबारावांना काही कवितांच्या प्रकाशनासाठी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्याच वर्षी २१ डिसेंबरला अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि एप्रिल १९१० मध्ये कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. नाशिकने या गीताची किंमत अशी मोजली आहे.

याच काळात, ऑगस्ट १९०७ मध्ये, जर्मनीतील स्टुटगार्ट येथे मादाम कामांनी जगासमोर भारताचा ध्वज फडकविला. वर हिरवा, मध्ये पिवळा, खाली तांबडा असे त्याचे पट्टे होते आणि मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्' ही अक्षरे होती. त्या ध्वजाच्या रचनेत भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांचा वाटा होता. पुढे इंदुलाल याज्ञिकांनी तो ध्वज भारतात आणला आणि पुण्याच्या केसरीवाड्यात तो जतन केलेला आहे. देवळ्याहून पुण्याला सहल जाते तेव्हा शनिवारवाडा दाखवून मुलांना परत आणले जाते. केसरीवाडा तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

आणखी एक नाशिककर या गीताशी जोडलेले आहेत, आणि त्यांचा विसर आपल्याला अधिक पडला आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर मूळ कुरुंदवाडचे. परंतु उत्तरायुष्यात त्यांनी पंचवटीत रामनाम-आधार आश्रम स्थापून तेथेच वास्तव्य केले. काँग्रेसच्या अधिवेशनांत 'वंदे मातरम्' गाण्याचा मान त्यांचा असे. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनाला आक्षेप घेतला. पंडितजी थांबले नाहीत. हे राष्ट्रीय व्यासपीठ आहे, कोणा एका पंथाचे प्रार्थनास्थळ नव्हे, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी गीत पूर्ण केले. चौदा वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, काँग्रेस कार्यकारिणीने मुस्लिम लीगच्या विरोधापुढे नमून पहिली दोनच कडवी गावीत असे ठरविले. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. तसा सल्ला रवींद्रनाथांनीही दिला होता, आणि तो नेहरूंनी मागविला होता. त्या निर्णयाचा हेतू चांगला असेल. परंतु ज्यांना संतुष्ट करण्यासाठी गीत कापले, त्यांचे त्याने समाधान झाले नाही. अवघ्या दहा वर्षांत देशच कापला गेला. आमचा आक्षेप आहे तो या क्रमाला.

जे गीत काँग्रेसने अर्धे केले त्यासाठी शेजारच्या निजामी मुलखात विद्यार्थी शिक्षण सोडून बाहेर पडत होते. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या महाविद्यालयातील वसतिगृहांत हिंदू विद्यार्थी प्रार्थना म्हणून 'वंदे मातरम्' म्हणू लागले. त्यावर बंदी आली, ती त्यांनी मानली नाही आणि शेकडोंची हकालपट्टी झाली. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकी एक होते.

स्वातंत्र्य आले तेव्हा 'वंदे मातरम्' वाद्यवृंदावर बसत नाही, सैन्याच्या बँडला त्याची चाल झेपत नाही, असे कारण पुढे करण्यात आले. ते खोडून काढण्यासाठी मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर झटले. झिंझोटी रागात त्यांनी गीताला समूहगायनास योग्य चाल लावली, बँडवर ती वाजवून घेतली आणि दिल्लीत जाऊन घटना परिषदेच्या सदस्यांना ती ऐकविली. एका गायकाने पदरमोड करून केलेला तो युक्तिवाद होता आणि त्याला उत्तर नव्हते. परंतु संयुक्त राष्ट्रसंघात १९४७ मध्ये 'जनगणमन' वाजून गेले होते, पंतप्रधानांचे मत बनले होते. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रबाबूंनी घटना परिषदेत निवेदन केले, की 'जनगणमन' हे राष्ट्रगीत राहील आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान दिला जाईल. मतदान झाले नाही. दोन गीते आहेत, ती अशी. मुलांना सांगताना एकाचा मान वाढविण्यासाठी दुसऱ्याला खाली ओढू नये, एवढी आमची गुरुजींना विनंती आहे. पण बरोबरीचा मान हे शब्द १९५० पासून कागदावर आहेत आणि १९७१ मध्ये राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्ध कायदा झाला तेव्हा त्यात ध्वज आला, घटना आली, राष्ट्रगीत आले, 'वंदे मातरम्' मात्र राहून गेले, हेही त्यांनी सांगावे. आणि १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी, सरदार पटेलांच्या आग्रहावरून, आकाशवाणीवर संपूर्ण 'वंदे मातरम्' गायिले ते पं. ओंकारनाथ ठाकुरांनी. ते पलुस्करांचे शिष्य. काकीनाड्यात न थांबलेले गाणे शिष्याने असे पुढे नेले.

राहिला ध्वज. केशरी रंग आपला की सर्वांचा, हा प्रश्न १९३१ मध्येच देशापुढे आला होता. काँग्रेसने नेमलेल्या सात जणांच्या ध्वजसमितीत पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्याबरोबर काकासाहेब कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर होते. या समितीने शिफारस केली ती संपूर्ण केशरी ध्वजाची, कोपऱ्यात चरखा असलेल्या. त्या रंगाला कोणत्याही एका पंथाचा म्हणता येत नाही, तो या भूमीच्या परंपरेचा आहे, असे त्यांना वाटले. मौलाना आझादांची सही असलेला हा अहवाल आज कोणी उघडतही नाही. काँग्रेस महासमितीने तो नाकारला आणि तिरंगा स्वीकारला. २२ जुलै १९४७ रोजी घटना परिषदेने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेऊन त्याला राष्ट्रध्वजाचे स्थान दिले. त्या वेळी आपल्यातील अनेकांची पसंती भगव्याला होती, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु निर्णय झाल्यावर तिरंगा हाच राष्ट्राचा ध्वज झाला, आणि त्याच्यासाठी सीमेवर कसमादे पट्ट्यातील मुलेही उभी असतात. भगवा आमचा गुरू आहे. गुरूला आणि राष्ट्रध्वजाला एकमेकांसमोर उभे करण्याचा खेळ टीकाकारांनी खेळावा, आपण त्यात उतरू नये. त्याच सभागृहात डॉ. राधाकृष्णन यांनी केशरी रंगाचा अर्थ त्याग असा सांगितला. मुलाला तेवढे पुरे आहे.

आणि आता धुळीतल्या झेंड्यांकडे. ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू झाली आणि सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज लावण्याची मुभा मिळाली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नागरिकाचा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. हे चांगलेच झाले. त्यानंतर ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर बनविलेल्या ध्वजांनाही परवानगी देण्यात आली. २०२२ च्या 'हर घर तिरंगा' मोहिमेत ध्वज घराघरांत पोहोचला, याचा आम्हांला आनंद आहे. पण सरकार आपल्या विचाराचे आहे म्हणून बोलायचे नाही, हा आमचा शिरस्ता नाही. हातसुताच्या कापडाचा ध्वज बनविणाऱ्या संस्था देशात मोजक्या आहेत. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरी येथे एक आणि आपल्या महाराष्ट्रात नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती. दुरुस्तीनंतर हुबळीच्या संस्थेने उघडपणे निषेध नोंदविला. स्वदेशीचा मंत्र जपणाऱ्यांनी त्या विणकरांना उत्तर दिले पाहिजे. घरावर लावायला पॉलिएस्टरचा चालेल. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि शाखेच्या कार्यक्रमातील ध्वज तरी खादीचा असावा, आणि तो नांदेडहून यावा.

प्लॅस्टिकचे झेंडे वापरूच नयेत. कागदी झेंडे राष्ट्रीय दिनी हातात धरण्यास संहितेची परवानगी आहे. मात्र ते जमिनीवर टाकायचे नाहीत. कार्यक्रम संपल्यावर ते गोळा करून, खाजगी जागी, त्यांची प्रतिष्ठा राखून नष्ट करायचे. फाटलेला कापडी ध्वजही तसाच, एकांतात, शक्यतो जाळून संपूर्ण नष्ट करायचा. त्याचे पुसणे करायचे नाही, बोहारणीला द्यायचा नाही. देवळ्याच्या गुरुजींनी १६ ऑगस्टच्या सकाळी एक पोते आणि पाचवी-सहावीची दहा मुले घेऊन पाचकंदीलपासून सुरुवात करावी.