प्रतीक्षायादीतील दिवस

अहमदपूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. घरी तीन पिढ्यांची आडत. कन्या लातूरला बी.कॉम. झाली आणि घरीच अभ्यास करून कॅटला बसली. दोन संस्थांनी नकार कळविला, तिसरीने प्रतीक्षायादीत ठेवले. पुण्याच्या एका खासगी संस्थेत मात्र जागा मिळाली असून तिचा पहिला हप्ता भरण्याची तारीख जवळ आली आहे. आजोबांचे म्हणणे असे, की पैसे अडकवण्यापेक्षा चालून आलेले स्थळ पाहावे. मुलगी चार दिवस कोणाशी धड बोललेली नाही. मासिक हाती पडेपर्यंत हप्त्याची तारीख उलटून जाईल, म्हणून त्यांना स्वतंत्र उत्तर पाठविले आहेच. परंतु मे-जून महिन्यांत हा पेच अनेक घरांत असतो.

प्रथम नकाराविषयी. कॅटला दरवर्षी लाखो उमेदवार बसतात आणि आयआयएमच्या साऱ्या संस्था मिळूनही जागा काही हजारच भरतात. त्यातही निवड केवळ कॅटच्या गुणांवर होत नाही. दहावी, बारावी व पदवीचे गुण, मुलाखत, नोकरीचा अनुभव यांना प्रत्येक संस्था आपापल्या प्रमाणात वजन देते. अनेक संस्था मुलींना आणि अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना काही अधिक गुणही देतात. त्यामुळे एका ठिकाणी नकार आलेला विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी सहज घेतला जातो. घरातील वडीलधाऱ्यांनी 'नापास' हा शब्द येथे वापरू नये; तो चुकीचा आहे, आणि तो ऐकूनच मुले गप्प होतात.

प्रतीक्षायादी हा नकारही नव्हे आणि होकारही नव्हे. एकाच हुशार विद्यार्थ्याच्या हाती तीन-चार संस्थांची पत्रे असतात; बसणार तो एकाच वर्गात. त्याने बाकीच्या जागा सोडल्या की त्या खालच्या क्रमांकांकडे सरकतात. म्हणून यादी एकदम हलत नाही, टप्प्याटप्प्याने हलते, कधी थेट जूनच्या अखेरपर्यंत. खुल्या आणि राखीव प्रवर्गांच्या याद्या वेगळ्या असतात, तेव्हा क्रमांक आपल्याच प्रवर्गाच्या यादीत पाहावा. त्याच संस्थेची यादी मागील वर्षी कोठवर गेली होती हे कळले तर अंदाज बांधता येतो. हमी मात्र मिळत नाही.

या काळात आपल्याकडे एक खटपट हमखास सुरू होते: मुंबईच्या मामांची कोणाशी ओळख आहे का, पुण्याचे अमुक साहेब शब्द टाकतील का. अमेरिकेतील काही संस्था प्रतीक्षायादीतील उमेदवाराकडून नवी माहिती कळविणारे पत्र स्वीकारतात. आयआयएममध्ये यादी गुणानुक्रमे चालते. तेथे पत्राचा उपयोग नाही आणि शब्दाचा तर नाहीच. 'व्यवस्थापन कोट्यातून आयआयएमची जागा देतो' असे सांगणारा मनुष्य घरी आला तर त्याला चहा द्यावा, पैसे देऊ नयेत. असा कोटा तेथे अस्तित्वातच नाही.

आता हप्त्याचे. एआयसीटीईची मान्यता असलेल्या संस्थेत अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी मुदतीत प्रवेश रद्द केल्यास जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून शुल्क परत द्यावे लागते, आणि मूळ कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. संस्थेला ही मान्यता आहे की नाही, हे भरण्यापूर्वी पाहावे आणि शुल्कवापसीची अट लेखी मागून घ्यावी. आडतीत कच्च्या पावतीवर व्यवहार होतात, येथे होऊ देऊ नयेत. मुलीने राज्याची एमबीए सीईटी दिली असेल तर सरकारी केंद्रीभूत प्रवेशाची दारेही उघडी आहेत. मुंबईची जमनालाल बजाज संस्था 1965 पासून चालते, आणि तिचे शुल्क मोठ्या आयआयएमच्या तुलनेत पुष्कळच कमी. 2014 पासून जैन समाज केंद्राच्या अल्पसंख्याक यादीत आहे. राज्यातील जैन अल्पसंख्याक दर्जाच्या महाविद्यालयांत समाजासाठी काही जागा राखीव असतात. आयआयएममध्ये मात्र धर्मावर आधारित आरक्षण नाही, ही गल्लत अनेकजण करतात.

अशा वेळी वॉरन बफेट यांना 1950 साली हार्वर्डने नाकारले होते, ही कथा कोणीतरी सांगतोच. सांगणारे तेथेच थांबतात. पुढचा भाग अधिक उपयोगाचा आहे. त्यांनी दुसऱ्या विद्यापीठांची माहितीपत्रके चाळली, कोलंबियात बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड शिकवितात हे पाहिले, डॉड यांना पत्र लिहिले आणि प्रवेश मिळविला. कोणती संस्था, याऐवजी तेथे कोण काय शिकवितो, हे त्यांनी पाहिले. पुण्याच्या त्या संस्थेबाबत मुलीने हेच पाहावे: प्राध्यापक कोण, मागील तुकडीतील किती जणांना कोठे नोकरी लागली, आणि त्यांपैकी दोघा-तिघांशी फोनवर बोलावे. उत्तरे समाधानकारक नसतील तर वर्षभर नोकरी करून पुन्हा परीक्षा देणे मला अधिक योग्य वाटते. अनुभवाचे गुण वाढतात आणि घरच्या हिशेबातही भर पडते.

स्थळाविषयी आजोबांना एवढेच सांगावे, की यादी जूनअखेर मिटते, तोवर पाहुण्यांना थांबण्याची विनंती करावी. शिकलेली सून हवी असणारे घर पाच आठवडे थांबते. कॅटचे गुण त्याच वर्षाच्या प्रवेशापुरते चालतात, म्हणून पुन्हा बसायचे ठरल्यास अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात भरावा लागेल आणि परीक्षा नोव्हेंबरअखेर असेल. अर्ज भरताना केंद्रांच्या यादीत लातूर आणि नांदेड आहेत का, हे आधी पाहावे.