पत्र फोडणाऱ्याला शिक्षा कोणती?

जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक १९०३ साली बिहारमधील मोतिहारीत जन्मला. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. त्याची '१९८४' ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. घराघरांतला पडदा माणसाला पाहतो, ऐकतो आणि तो बंद करता येत नाही, एवढे पुष्कळांना ऐकून माहीत असते. परंतु टपाल कामगाराने वाचावी अशी जागा त्यात वेगळीच आहे. त्या राज्यात प्रत्येक पत्र वाटेत फोडले जाते, आणि त्यात लपवाछपवीही नाही. लोक पत्रे लिहिणेच सोडून देतात. छापील वाक्यांची कार्डे मिळतात. नको ती वाक्ये खोडायची आणि कार्ड पेटीत टाकायचे. (आपल्या तारखात्यातही शुभेच्छांचे ठराविक नंबर असत, पण ते ग्राहकाचे पैसे वाचावेत म्हणून!)

या कादंबरीचा नायक सरकारी कारकून आहे. जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर बदलणे ही त्याची ड्यूटी. म्हणजे असले राज्य चालते ते पगारी नोकरांच्या हातांनी. कष्टकरी जनतेवर तर फारशी पाळतही लागत नाही. लॉटरी आणि स्वस्त गाणी पुरतात. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी याने १९५३ साली पुस्तके जाळणारे सरकारी बंबवाले रंगविले, पण त्याच्या कथेत लोकांनी वाचन आधीच सोडलेले असते. अज्ञान आधी, काडी नंतर.

आता आपल्या घराकडे पाहू. १८९८ च्या टपाल कायद्यात कर्तव्य सोडून पत्र उघडणाऱ्या कर्मचाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ साली ती काढून टाकण्यात आली. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या टपाल कायद्यातही ती नाही. उलट कलम ९ नुसार सरकारने अधिसूचनेद्वारे अधिकार दिलेला अधिकारी राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी टपाल अडवू व उघडू शकतो. १९८६ साली असेच विधेयक संसदेने मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही आणि देशभर चर्चा झाली. या वेळी किती सॉर्टिंग हॉलमध्ये त्याचा विषय निघाला? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे, हेही आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

देशाच्या सुरक्षेला आमचा विरोध नाही. परंतु साहेबांनी तोंडी सांगितले म्हणून कोणी पाकीट उघडू नये. लेखी आदेश मागावा आणि त्यावर सही कोणाची आहे ते पाहावे. शिक्षेचे कलम गेले म्हणून पोस्टमनवरचा गावाचा विश्वास गेलेला नाही.

रेल्वेतील बांधवांचा प्रश्न निराळा नाही. इंजिनाच्या कॅबमध्ये चालकांचे बोलणे आणि हालचाली टिपणारी यंत्रणा बसविली जात आहे. अपघाताच्या चौकशीला तिचा उपयोग आहे, हे मान्य. पण हे चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि अपघात नसताना चार्जशीटसाठी वापरणार काय? हे तीन प्रश्न प्रत्येक शाखेने पुढच्या पीएनएमच्या विषयपत्रिकेसाठी पाठवावेत आणि उत्तर लेखी घ्यावे.