भिजलेला कॅमेरा : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

वस्तू ठीक चालत असते तोवर तिच्याविषयी कोणी फारसा विचार करीत नाही. ती बिघडली म्हणजे मात्र प्रत्येकास मत सुचू लागते. एक म्हणतो, ‘टाकून द्या आणि नवी आणा.’ दुसरा म्हणतो, ‘जुने ते सोने, दुरुस्त करून घ्या.’ यंदाच्या पावसाळ्यात शाळेचा कॅमेरा भिजला आणि आमच्या वर्गावर्गांतून या दोन मतांचे दोन पक्ष उभे राहिले. कॅमेरा माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून घेतलेला. त्यात यंदाच्या दहावीच्या वर्गाची आणि क्रीडासामन्यांची छायाचित्रे होती. त्यामुळे वाद केवळ यंत्राचा न राहता शाळेच्या आठवणींचा व लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशाचा झाला. या वादात कोणत्याही पक्षाचा झेंडा न उचलता, निर्णय कसा करावा याचा शांतपणे विचार करावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आमच्या भागात हा प्रश्न क्वचित येणारा नाही. पलसाणा सुरतेच्या आग्नेयेस, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. येथे पावसाळा जोराचा असतो. दांडी आणि डुमस येथील समुद्रकिनारे सहलीच्या अंतरावर आहेत. शिवाय तापी आहेच. आमच्यापैकी पुष्कळांची घराणी पोटापाण्यासाठी खानदेशातून या जिल्ह्यात आली. तापीही त्याच खानदेशातून वाहत येथे येते. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, उकाई धरणातून नऊ लाख क्यूसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग जलमय झाला. अशा पुरात कपाटातील यंत्र भिजले तर बाजारातून दुसरे आणता येते. परंतु लग्नाच्या अल्बमातील एकमेकांस चिकटलेली पाने कोणत्याही बाजारात मिळत नाहीत.

येथेच आमचा पहिला मुद्दा येतो. कॅमेरा आणि त्यातील छायाचित्रे या दोन भिन्न वस्तू आहेत, हे आपण संकटाच्या वेळी विसरतो. यंत्राची किंमत पावतीवर लिहिलेली असते. छायाचित्रांची किंमत कोठेच लिहिलेली नसते, म्हणून ती शून्य वाटते. वास्तविक क्रम उलटा आहे. अंटार्क्टिकच्या मोहिमेत शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज १९१५ साली बर्फात सापडून चिरडले गेले. त्या वेळी मोहिमेचे छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांनी जहाजात शिरलेल्या बर्फाळ पाण्यात उतरून काचेवरील निगेटिव्हांच्या बंद पेट्या बाहेर काढल्या. पुढे ओझे कमी करावयाचे म्हणून त्यांनी सुमारे १२० काचा निवडल्या आणि उरलेल्या सुमारे ४०० स्वतः फोडून टाकल्या. आपले अवजड कॅमेरेही त्यांनी तेथेच सोडले. जवळ ठेवला तो एक लहानसा खिशात मावणारा कॅमेरा आणि थोडी फिल्म. ज्याची उपजीविकाच कॅमेऱ्यावर होती, त्या मनुष्याने यंत्र टाकले आणि चित्रे वाचविली. जपानात मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर चिखलात सापडलेली हजारो कौटुंबिक छायाचित्रे स्वयंसेवकांनी पाण्याने हळुवार धुऊन, वाळवून त्यांच्या मालकांस परत देण्याचा प्रयत्न केला. फुजीफिल्म या छायाचित्रण-साहित्याच्या कंपनीनेही त्या कामास हातभार लावला.

तेव्हा कॅमेरा भिजला की प्रथम प्रश्न ‘दुरुस्ती की खरेदी’ हा नव्हेच. प्रथम आतील छायाचित्रे सोडवावीत. मेमरी कार्डातील स्मृतिचिप प्लॅस्टिकमध्ये बंद असते, म्हणून यंत्र निकामी झाले तरी कार्ड बहुधा वाचते. ते काढून, स्वच्छ करून, पूर्ण वाळवून मगच संगणकात घालावे. जुन्या फिल्मची गोष्ट निराळी. ओली फिल्म वाळू दिली तर तिच्यावरील जिलेटिनचे थर एकमेकांस चिकटतात. म्हणून ती ओलीच ठेवून शक्य तितक्या लवकर धुण्यास देणे हिताचे असते.

आता यंत्राकडे वळू. पूर्वीचा कॅमेरा आणि आजचा कॅमेरा यांस पाणी सारखेच बाधत नाही. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि १९१२ साली लंडनहून आणलेल्या विल्यमसन बनावटीच्या कॅमेऱ्याने ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट घेतला. तो कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवावयाचा होता. त्यात बॅटरी नव्हती. पुढे बडोद्यास तयार झालेला ‘आग्फा क्लिक-थ्री’ हा पेटीवजा कॅमेरा कितीतरी मध्यमवर्गीय घरांतून दिसे. एक भिंग, एक स्प्रिंग, एक साधी झडप आणि बारा चित्रांची फिल्म एवढाच त्याचा संसार. असे यंत्र भिजले तर कुशल कारागीर ते उघडतो, पुसतो, गंज काढतो, तेलाचा थेंब देतो आणि ते पुन्हा चालू लागते. अशा कॅमेऱ्याच्या बाबतीत दुरुस्ती हाच पहिला विचार असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात मात्र केसाहून बारीक तांब्याच्या रेषांचे विद्युत्फलक असतात. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. परंतु आपल्या नित्याच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात आणि समुद्राच्या पाण्यात तर दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आत बॅटरी असताना असे पाणी शिरले की नको त्या मार्गाने वीज वाहते आणि तांबे झिजू लागते. ही झीज कित्येकदा बाहेरून दिसत नाही. कॅमेरा वाळल्यावर सुरू होतो, सर्वांस आनंद होतो आणि काही आठवड्यांनी ऐन समारंभात तो मान टाकतो. ‘चालू झाला म्हणजे बरा झाला’ ही समजूत म्हणूनच फसवी आहे. भिंगाचेही असेच. ओल आत राहिली तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते, आणि ती फार काळ राहिली तर काचेवरील लेप कायमचा खराब करते.

यावरून तातडीने काय करावे हे ठरते. कॅमेरा चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. बॅटरी आणि कार्ड काढावे. झाकणे उघडी ठेवून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय घरोघर सांगितला जातो. त्याने झीज थांबत नाही आणि तांदळाची पूड मात्र फटींत शिरते. कडक ऊन किंवा केस वाळविण्याचे यंत्रही नको, कारण उष्णतेने आतील वंगण पातळ होऊन पसरते. आणखी एक इशारा विज्ञानप्रेमी मित्रांस देणे आम्हांस अवश्य वाटते. ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश आहे, त्याच्या संधारित्रात बॅटरी काढल्यानंतरही सुमारे ३०० व्होल्टचा भार राहू शकतो. स्क्रू काढून आत डोकावण्याची हौस जिवावर बेतू शकते. ते काम जाणत्या कारागिराचेच.

एवढे झाल्यावर मूळ प्रश्न शिल्लक राहतो. त्याचा निर्णय पाच गोष्टी पाहून करावा. पहिली, पाणी कोणते होते. पावसाच्या शिंतोड्यांनी भिजलेल्या यंत्रास पुष्कळ आशा असते. पुराच्या गढूळ पाण्यात राहिलेल्यास थोडी. चालू स्थितीत समुद्रात बुडालेल्यास जवळजवळ नाही. दुसरी, दुरुस्तीचा खर्च. त्याची तुलना नव्या कॅमेऱ्याच्या किमतीशी न करता, तशाच जुन्या पण चालू कॅमेऱ्याच्या किमतीशी करावी. खर्च तिच्या निम्म्याच्या पलीकडे गेला तर ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ होण्याचा संभव असतो. तिसरी, सुटे भाग मिळतात का. कारण एखादी बनावट बंद झाल्यावर काही वर्षांनी तिचे भागही दुर्मीळ होतात. चौथी, दुरुस्तीनंतर किती दिवसांची हमी मिळते आणि ती लेखी आहे का. पाण्याने झालेला बिघाड मूळ हमीत बहुधा बसत नाही, म्हणून ही नवी हमी महत्त्वाची. पाचवी, यंत्र कोणत्या कामासाठी हवे. घरात हौसेने वापरण्याचा कॅमेरा अधूनमधून रुसला तरी चालते. परंतु शाळेचा निरोपसमारंभ वर्षातून एकदाच येतो.

आता नव्याचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे पाहू. ते म्हणतात, ‘दुरुस्तीवर पैसा घालणे म्हणजे बुडत्या नावेत आणखी माल भरणे.’ समुद्रात बुडालेल्या यंत्रापुरते हे खरे आहे. परंतु कित्येकदा ‘दुरुस्त होत नाही’ याचा अर्थ ‘दुरुस्त करण्यात विक्रेत्यास लाभ नाही’ एवढाच असतो. ही अडचण आता सरकारच्याही ध्यानात आली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’विषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याविषयीचे माहितीस्थळ सुरू केले. वस्तू विकत घेणाऱ्यास तिची दुरुस्ती करून घेता आली पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे. शिवाय टाकलेला कॅमेरा नाहीसा होत नाही. त्यातील धातू आणि रसायने कोठेतरी माती-पाण्यात जातात. निकामी झालेले यंत्रही कचऱ्याच्या डब्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच दिले पाहिजे.

दुरुस्तीच्या अभिमान्यांसही आम्हांस एक शब्द सांगावयाचा आहे. जिव्हाळा हा गुण आहे. परंतु सार्वजनिक पैशाने जिव्हाळा जोपासता येत नाही. आजोबांचा कॅमेरा कोणी दुप्पट खर्च करून दुरुस्त केला तर तो त्याच्या मनाचा प्रश्न आहे, आणि तो खर्च आम्ही वायफळ म्हणणार नाही. शाळेची वस्तू मात्र वर्गणीदारांची ठेव आहे. तिच्या बाबतीत हिशेब आधी आणि भावना मागून, हाच क्रम योग्य.

तिसराही एक पक्ष आहे. तो विचारतो, ‘घरोघर मोबाइल असताना शाळेस कॅमेरा हवाच कशाला?’ मोबाइलने उत्तम छायाचित्रे निघतात हे कोणीही नाकारणार नाही. परंतु मोबाइल व्यक्तीचा असतो. ती व्यक्ती शाळा सोडून गेली, तिने फोन बदलला, की छायाचित्रेही तिच्याबरोबर जातात. शाळेचा इतिहास कोणाच्या खिशात नव्हे, शाळेच्या कपाटात राहिला पाहिजे. गुजरातेतील आमच्यासारख्या मराठी शाळेस तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. येथील मुले पुढे दहा दिशांस पांगतात, आणि आपण येथे मराठीतून शिकलो याचा दाखला म्हणून त्यांच्यापाशी पुष्कळदा एखादे वर्गाचे छायाचित्रच उरते.

मग शाळेच्या कॅमेऱ्याचे काय करावे? आमचे मत असे : कार्डातील छायाचित्रे सुदैवाने सुखरूप निघाली आहेत, तेव्हा घाई करण्याचे कारण उरलेले नाही. कॅमेरा पावसाच्या पाण्याने भिजला आहे, म्हणून तो न उघडताच टाकून देणे अन्यायाचे होईल. तपासणीची फी आधी विचारून तो जाणत्या कारागिराकडून उघडवून घ्यावा आणि खर्चाचा अंदाज लेखी मागावा. विद्युत्फलक स्वच्छ असेल व खर्च निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्ती करावी. फलकावर हिरवट-पांढरी पुटे दिसत असतील तर मोह सोडावा. अशा वेळीही भिंग शाबूत असेल तर ते ठेवून, त्याच बनावटीचा जुना पण चालू सांगाडा विकत घ्यावा. बाजारातील सर्वांत नव्या कॅमेऱ्यामागे धावू नये. वाचलेल्या पैशातून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा एक डबा घ्यावा. तसेच प्रत्येक समारंभानंतर छायाचित्रांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवण्याची शिस्त लावावी, आणि ते काम नववीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवावे. पुढील पावसाळ्यात यंत्राचे काहीही झाले तरी चित्रे त्याच्याबरोबर बुडणार नाहीत.

घड्याळ, सायकल, शिवणयंत्र, घरातील कोणतीही वस्तू बिघडली तरी हीच रीत उपयोगी पडेल. आधी जे परत मिळण्यासारखे नाही ते सोडवावे, मग वस्तू उघडून पाहावी, आणि हिशेब मांडल्यावरच ठेवावयाची की टाकावयाची हे ठरवावे. आमच्या वाचकमित्रांनी घरात असा प्रश्न उद्भवला असता घटकाभर थांबून या पाच गोष्टी विचारल्या, तरी हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.