चांदी पारखता, तसा मदरबोर्ड पारखा



आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता सुटे भाग आणून घरीच संगणक जोडू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यासाठीचा पैसा आईबापाने ओव्हरटाईम करून, पोटाला चिमटा घेऊन साठवलेला असतो. म्हणून मदरबोर्ड घेताना घाई करू नका, एवढेच आम्हास सांगायचे आहे.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे जोते. प्रोसेसर, रॅम, डिस्क सारे त्यावरच उभे राहते. जोते कच्चे असले की संगणक मध्येच बंद पडतो आणि लेकराने केलेले काम वाया जाते.

आधी प्रोसेसर ठरवा, मग बोर्ड. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीला एलजीए १७०० सॉकेट लागते, एएमडीच्या रायझन ५००० मालिकेला एएम४. बोर्ड दुकानात बरेच दिवस पडून असेल तर बायोस नवे करून मागा. नाहीतर तो नंतर आलेला प्रोसेसर ओळखत नाही.

स्वस्ताईला भुलू नका. २०११ ते २०१३ च्या काळातील प्रोसेसरांचे एच६१, एच८१ बोर्ड आजही नवे म्हणून विकले जातात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही.

खामगावचा उन्हाळा तर आपण जाणताच. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग फार तापतात. त्यांवर उष्णता खेचणारी धातूची पट्टी आहे का, ते पाहा. रंगीत दिव्यांवर पैसे घालवू नका. तेच पैसे चांगल्या पॉवर सप्लायवर आणि घराच्या अर्थिंगवर खर्चा. वीज नीट नसेल तर चांगला बोर्डही बिघडतो.

पक्के बिल घ्या. त्यावरचा सिरियल नंबर खोक्यावरच्या आणि बोर्डावरच्या नंबराशी ताडून पाहा. वॉरंटी किती वर्षांची आणि बिघाड झाल्यास बोर्ड खामगावातच घेतील की अकोल्याला न्यावा लागेल, हे पैसे देण्यापूर्वी विचारा.

घरी जोडणी झाली की रॅमचा वेग न वाढवता रात्रभर मेमटेस्ट चालवा. एकही चूक दिसली तर रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासा. दोष रॅमचा की बोर्डाचा, ते कळेल. बदलून घेण्याची मुदत संपण्याआधी हे करा.

आपले खामगाव चांदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. चांदी कोणी पारखल्याशिवाय घेत नाही. तथागतांनीही कालामांना हेच शिकवले: केवळ ऐकीव आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा. दुकानदाराच्या शब्दालाही हाच नियम लावा. कष्टाचा पैसा मुलांच्या शिक्षणाच्याच कामी येऊ द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!